मोठ्या अक्षरांचे मराठी पवित्र शास्त्र : ११९व्या स्तोत्राच्या पानांवर केलेली पारख

मागच्या नाताळाच्या आधी मी मोठ्या अक्षरांची मराठी पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, प्रत विकत घेतली आणि तेव्हापासून ती रोज, बहुधा दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आणि रात्री झोपण्यापूर्वी, वापरात आहे. भाषांतर तेच, जे आमच्या मंडळीत उपासनेच्या वेळी वाचले जाते. फरक आहे तो छपाईचा, आकाराचा आणि किमतीचा. काळे रेक्झिनचे वेष्टन, तिन्ही बाजूंनी फिरणारी चेन, सोनेरी कडा, पुस्तके पटकन सापडावीत म्हणून कडेला पाडलेल्या अंगठ्याच्या खाचा, एक लाल आणि एक निळी खूणफीत, आणि शेवटी नकाशांची काही रंगीत पाने असा हा सगळा सरंजाम आहे. वजन किलोभराच्या पुढे जाते, त्यामुळे पिशवीत डबा आणि छत्री असताना तिसरी वस्तू म्हणून ही प्रत नेणे खांद्याला जाणवते.

पवित्र शास्त्राच्या आवृत्तीची पारख कशी करावी, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन की दुकानात उभे असतानाच स्तोत्रसंहितेतले ११९वे स्तोत्र उघडावे. ते संपूर्ण ग्रंथातले सर्वांत लांब प्रकरण आहे, त्यात १७६ ओव्या आहेत, त्यामुळे कागद, ओळींमधले अंतर, स्तंभांची रुंदी आणि मुद्रितशोधन यांपैकी काहीही तिथे लपत नाही. माझ्यापुरते दुसरेही कारण आहे. देवाच्या नियमशास्त्रावर प्रेम करणारा माणूस, त्याची थट्टा करणाऱ्या लोकांच्या गराड्यात बसून, ते प्रेम कसे टिकवतो, हे त्या स्तोत्रात जितके सविस्तर आहे तितके अन्यत्र क्वचितच सापडते. आणि गेल्या आठ महिन्यांत मला त्याची गरज पडली.

आधी छपाईविषयी. मूळ इब्री (हिब्रू) भाषेत हे स्तोत्र अक्षरक्रमाने रचलेले आहे : वर्णमालेतल्या २२ अक्षरांसाठी २२ कडवी, प्रत्येक कडव्यात आठ ओव्या, आणि त्या आठही ओव्यांची सुरुवात त्याच अक्षराने. आपल्याकडे कोणी 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत प्रत्येक अक्षराला आठ-आठ ओव्या रचाव्यात, तसा हा प्रकार आहे. भाषांतरात ही गंमत टिकणे अशक्य असते, म्हणून निदान कडव्यांच्या वर त्या अक्षरांची नावे छापावीत, ही जुनी रीत या आवृत्तीने पाळली आहे. आलेफ, बेथ, गिमेल ही नावे ठळक देवनागरीत, मध्यभागी, वर-खाली पुरेशी जागा सोडून दिलेली आहेत. मात्र ही नावे कशाची आहेत, याची एका ओळीचीही टीप कुठे नाही. माझ्या आठ वर्षांच्या भाचीने शेजारी बसून वाचताना विचारले, "मावशी, हे आलेफ कोण गं? प्रत्येक माणसाने आठ-आठ ओळी म्हटल्यात का?" तिचा तर्क चुकीचा असला तरी छापील पानावरून दुसरा कोणता तर्क करता आला असता, हे मला सांगता आले नाही. कोकणातल्या मराठीभाषक बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८३२ साली मराठीतून इब्री व्याकरण लिहिले होते. म्हणजे या अक्षरांची आणि मराठीची ओळख जुनी आहे. त्या ओळखीतली एक ओळ इथे छापायला कागद फारसा लागला नसता.

कागद पातळ आहे आणि मागच्या बाजूचे अक्षर पुढे उमटते. ट्यूबलाइटखाली ते सहज खपून जाते, पण खिडकीच्या उजेडात पान थोडे उचलले की दोन ओळी एकमेकींत मिसळतात. टंक मोठा आणि सुबक आहे, जोडाक्षरे तुटलेली नाहीत, ओवीचा आकडा ओळीच्या गर्दीत हरवत नाही. माझ्या आईच्या जुन्या प्रतीत हे स्तोत्र वाचायला भिंग लागे. इथे चष्मा कपाळावर सरकवूनही मी दोन कडवी वाचू शकते. केवळ एवढ्यासाठी मी या आवृत्तीला चांगले गुण देईन.

भाषेविषयी मात्र थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण ज्यांच्या हाती ही प्रत पहिल्यांदाच पडेल, त्यांची अडचण टंकाची नसून शब्दांची असणार आहे. इब्री स्तोत्रकर्त्याने देवाच्या शिकवणीसाठी मुख्यतः आठ शब्द आलटून-पालटून वापरले आहेत. आपल्या जुन्या भाषांतरात ते नियमशास्त्र, निर्बंध, विधी, नियम, आज्ञा, निर्णय आणि वचन असे येतात. आठाचे सात होतात, कारण 'वचन' हा शब्द बहुतेक ठिकाणी दोघांचे काम करतो. यातला 'निर्बंध' हा शब्द आजच्या वाचकाला ठेच लावतो. मूळ शब्दाचा रोख साक्षीकडे, देवाने स्वतःविषयी दिलेल्या ग्वाहीकडे आहे. आजच्या मराठीत मात्र निर्बंध म्हटले की टाळेबंदी, जमावबंदी आणि दुकानांच्या वेळा आठवतात. देवाचे निर्बंध मला आनंद देतात, असे मी एकदा ऑफिसात मोठ्याने वाचले तेव्हा समोरच्या टेबलावरचे गृहस्थ खरोखरच गोंधळले आणि म्हणाले, "निर्बंधांचा आनंद कोणाला होतो हो, मॅडम?" त्यांचा हेतू कुचेष्टेचा नव्हता, आणि त्यांना द्यायला माझ्यापाशी तत्काळ उत्तरही नव्हते.

'नियमशास्त्र' या शब्दाचेही तसेच आहे. तो शब्द ऐकला की कलमे, पोटकलमे आणि दंड डोळ्यांसमोर येतात. इब्री 'तोरा' या शब्दाचा मूळ अर्थ शिकवण, दिशा दाखवणे असा आहे. आई मुलाला बोट दाखवून रस्ता सांगते, ती तोरा. हे एकदा कळले की ९७व्या ओवीतले 'अहाहा' खरे वाटू लागते. अन्यथा कायद्याच्या पुस्तकावर जीव जडलेला माणूस विक्षिप्तच वाटेल. तरीही जुने शब्द काढून टाकावेत, असे माझे मत नाही. शब्बाथ शाळेत याच शब्दांत मी पाठांतर केले आणि आजही मध्यरात्री जाग आली तर याच शब्दांत ते आठवते. प्रकाशकाने शेवटी दोन पानांचा शब्दार्थकोश दिला असता, तर जुने आणि नवे दोन्ही वाचक सुखी झाले असते. तो दिलेला नाही.

आता ज्या कारणाने या प्रतीतल्या त्या सात पानांच्या कडा इतर पानांपेक्षा मळल्या आहेत, त्या कारणाविषयी. माझ्या कामाच्या ठिकाणी प्रवासभत्त्याची बिले थोडी फुगवून लावण्याची पद्धत होती. कोणी त्याला चोरी म्हणत नसे, 'अ‍ॅडजस्टमेंट' म्हणत. चाळीस किलोमीटरचे साठ होत, एस.टी.ने केलेला प्रवास टॅक्सीचा होई. जानेवारीत तपासणीचे काम माझ्याकडे आले आणि मी दोन बिलांवर सही करण्याचे नाकारले. मी काही भाषण केले नाही, कोणाची तक्रार वर नेली नाही; फक्त सही केली नाही. आठवड्याभरात माझे नाव 'दहा आज्ञा' पडले. चहा आला की "दहा आज्ञांना बिनसाखरेचा द्या, त्यांना सगळेच वर्ज्य," असे कोणी तरी म्हणे आणि हशा पिके. पुढे थट्टेला धार आली. मी स्वतः पूर्वी अशी बिले लावली आहेत, अशी वदंता पसरली, जी खोटी होती.

त्या दिवसांत जेवणाच्या सुट्टीत मी ही जड प्रत टेबलावर उघडून ठेवू लागले. गर्विष्ठांनी माझी फार थट्टा केली, माझ्यावर खोटे रचले, माझ्यासाठी खड्डे खणले, सरदार बसून माझ्याविरुद्ध बोलतात, अशा ओव्या मी बोट ठेवून वाचत असे, आणि मान्य केले पाहिजे की त्यात मला एक प्रकारचे समाधान वाटे. गर्विष्ठांची फजिती होवो, अशी ७८वी ओवी वाचताना मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून कोणाच्या टेबलाकडे पाहत होते, ते इथे लिहीत नाही. धुरात ठेवलेल्या बुधल्यासारखा मी झालो आहे, ही ८३वी ओवी तर मला स्वतःसाठीच लिहिलेली वाटे. आजीच्या घरी चुलीवर टांगलेले शिंके वर्षानुवर्षे धूर खाऊन जसे काळे, कडक आणि आक्रसलेले झाले होते, तसे ते चामड्याचे भांडे डोळ्यांसमोर येई.

मोठ्या अक्षरांचा उपयोग असा की माणूस सावकाश वाचतो, आणि सावकाश वाचले की नजरेतून सुटलेल्या गोष्टी दिसतात. स्तोत्रातले हे विरोधक कोण आहेत, हे मी तोवर गृहीतच धरले होते : देवाला न मानणारे, बाहेरचे, परके. पण ५३व्या ओवीत स्तोत्रकर्त्याचा संताप आहे तो नियमशास्त्र सोडून देणाऱ्यांवर, आणि १३९व्या ओवीत शत्रू देवाची वचने विसरले आहेत. जे कधी हातात नव्हते ते सोडता येत नाही, जे कधी ठाऊक नव्हते ते विसरता येत नाही. म्हणजे त्याची थट्टा करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण त्याच्याच लोकांतले, तेच वचन लहानपणी ऐकलेले होते. माझ्या बाबतीतही, ज्या दोन बिलांवर मी सही केली नाही त्यांतले एक ज्या गृहस्थांचे होते, ते दर रविवारी माझ्या दोन बाके पुढे बसून 'उपासना संगीत' हे मंडळीचे गीतपुस्तक हातात धरतात. उलट वदंता पसरली तेव्हा सर्वांदेखत "त्यांची जुनी बिले मी स्वतः पाहिली आहेत, त्यात काही नाही," असे सांगणारे सहकारी वारकरी घरातले आहेत आणि त्यांच्या खिशात हरिपाठाची पुस्तिका असते. 'अविश्वासी' हा शब्द आपण प्रार्थना सभेत फार सहज वापरतो. या स्तोत्राच्या पानांवर तो तितका सहज बसत नाही, निदान मला बसवता आला नाही.

आणखी एक गोष्ट. जवळजवळ प्रत्येक ओवीत देवाच्या वचनाचे कोणते ना कोणते नाव येते, आणि या नियमाला अपवाद म्हणून परंपरेने १२२वी ओवी दाखवली जाते. त्या ओवीत, तू आपल्या दासाला जामीन हो, गर्विष्ठांना माझ्यावर जुलूम करू देऊ नकोस, एवढेच मागणे आहे. छळाचा विचार इतका जवळ आला की त्या एका ठिकाणी नियमशास्त्राचे नावही तोंडी येऊ नये, हे मला मोठे मानवी वाटले. त्याच्या थोडे पुढे, १३६व्या ओवीत, लोक तुझे नियमशास्त्र पाळत नाहीत म्हणून माझ्या डोळ्यांतून पाण्याचे प्रवाह वाहतात, असे तो म्हणतो. फजितीची प्रार्थना करणारा आणि रडणारा माणूस एकच आहे. मी ७८व्या ओवीवर दोन महिने थांबले होते. १३६व्या ओवीपर्यंत पोहोचायला फेब्रुवारी संपला.

या बाबतीत आवृत्तीच्या पुरवण्या मदत करत नाहीत, किंबहुना थोडी दिशाभूलच करतात. शेवटी 'कोणत्या प्रसंगी काय वाचावे' असा तक्ता दिला आहे. त्यात 'शत्रूंनी छळले असता' या सदरात ३५वे आणि १०९वे स्तोत्र आहे, म्हणजे शाप आणि सूड मागणारी स्तोत्रे तेवढी आहेत, आणि ११९वे स्तोत्र 'पवित्र शास्त्राचे महत्त्व' या सदरात टाकून दिले आहे. जणू वचनावरचे प्रेम ही निवांत अभ्यासिकेतली गोष्ट असावी आणि विरोध ही वेगळी. स्तोत्रात तर ती दोन्ही एकाच कडव्यात, कधी एकाच ओवीत गुंफलेली आहेत.

समासातले संदर्भही तसेच तुटपुंजे आहेत. ९७व्या ओवीजवळ पहिल्या स्तोत्राचा संदर्भ आहे, जो अपेक्षितच होता. पण ख्रिस्ती वाचकाला खरा प्रश्न पडतो तो निराळा : आपण नियमशास्त्राखाली नसून कृपेखाली आहोत, असे रोमकरांस पत्रात सहाव्या अध्यायात वाचल्यावर, या जुन्या इस्राएली माणसाचे नियमशास्त्रावरचे प्रेम आपले कसे म्हणावे? त्याच पत्राच्या सातव्या अध्यायात पत्रलेखक पौल अंतर्यामी देवाच्या नियमशास्त्राने हर्ष पावतो, आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू ते रद्द करायला नव्हे, पूर्ण करायला आलो असे सांगतो. हे दोन संदर्भ इथे समासात असायला हवे होते. पेत्राच्या पहिल्या पत्रातला चौथा अध्यायही हवा होता, कारण पूर्वीसारखे तुम्ही त्यांच्याबरोबर धावत नाही याचे लोकांना नवल वाटते आणि म्हणून ते तुमची निंदा करतात, हे तिथले निरीक्षण माझ्या ऑफिसातल्या चहाच्या वेळेचे जसेच्या तसे वर्णन आहे. मी हे तिन्ही संदर्भ पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत. पेनची शाई या कागदावर फुटते, हे जाता जाता सांगून ठेवते.

तुलनेसाठी मी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापलेले पंडिता रमाबाईंचे भाषांतरही एका परिचितांकडून आणून पाहिले. रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून, साध्यासुध्या बायकांना वाचता यावे अशा मराठीत ते केले. १९२२ साली त्या वारल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्याची खिळेजुळणी आणि छपाई मिशनमधल्या मुलींनी आणि स्त्रियांनी केलेली आहे. १८९३ साली पुण्यात रमाबाईंच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेवर टीकेचे मोहोळ उठले आणि पालकांनी मुली काढून नेल्या, तो काळ ज्या बाईंनी सोसला, त्यांनी उरलेल्या आयुष्याची इतकी वर्षे शब्दाला शब्द लावण्यात घालवावीत, हे त्या पानांकडे पाहताना मनात आल्यावाचून राहत नाही. रोजच्या वाचनाला मात्र ती प्रत जपून हाताळण्याजोगी आहे, आणि मंडळीत सगळे एक भाषांतर वाचत असताना आपण दुसरे वाचणे गैरसोयीचे होते.

मोबाईलवर हेच भाषांतर फुकट मिळते, अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, मग पैसे का घालवायचे, असे माझ्या भावाने विचारले. प्रश्न रास्त आहे. पण ऑफिसात मोबाईलमध्ये डोके घातलेले माणूस काय वाचते आहे हे कोणालाच कळत नाही, आणि टेबलावर उघडलेले हे जाडजूड पुस्तक लपत नाही. सुरुवातीला मला त्याचा संकोच वाटला. विल्यम विल्बरफोर्स हे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेले इंग्रज खासदार १८१९ साली लंडनमध्ये हाइड पार्क कॉर्नरपासून चालत जाताना हे संपूर्ण स्तोत्र तोंडपाठ म्हणत गेल्याची नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. १७६ ओव्या तोंडपाठ असतील तर पुस्तकाची, मोबाईलची आणि या परीक्षणाची कशाचीच गरज नाही. माझी आलेफ ते दालेथ एवढीच मजल आहे.

शेवटी बांधणी, जी या आवृत्तीची सर्वांत कच्ची बाजू आहे. सहाव्या महिन्यात स्तोत्रसंहितेच्या मधोमध कणा उकलला आणि नेमका ११९व्या स्तोत्राचा फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचा जुडगा, सुटा झाला. बाहेरून शिवलेले दिसणारे पुस्तक आतून नुसते चिकटवलेले आहे, हे तेव्हा समजले. जिथून घेतले त्या दुकानात मी पावती घेऊन गेले. काउंटरवरच्या तरुणाने प्रत हातात घेऊन, मधोमध उघडून, "तुम्ही एकच जागा फार उघडता, बाई," असे सांगितले आणि बदलून देण्यास नकार दिला. किंमत सातशेच्या आत होती, त्यामुळे मी वाद वाढवला नाही. चेन अजून नीट चालते, सोनेरी कडा बोटांच्या जागी उडाल्या आहेत, लाल खूणफितीचे धागे सुटले आहेत, निळी शाबूत आहे.

ज्यांना डोळ्यांचा त्रास आहे आणि जे घरी एका जागी बसून वाचतात, त्यांनी ही आवृत्ती अवश्य घ्यावी. ज्यांना रोज पिशवीत न्यायची आहे, त्यांनी लहान आणि शिवलेली प्रत पाहावी. आणि नव्याने वाचणाऱ्या कोणाला भेट द्यायची असेल तर सोबत 'निर्बंध' आणि 'नियमशास्त्र' या दोन शब्दांचा अर्थ हाताने लिहून चिठ्ठी ठेवावी. माझी प्रत मी आमच्या गल्लीतल्या वहीबायंडरकडे दिली. त्यांनी सगळे फर्मे सोडवून दोऱ्याने पुन्हा शिवले, कण्याला खादीची पट्टी लावली आणि दीडशे रुपये घेतले. आता पुस्तक टेबलावर ठेवले की कुठेही न दाबता सपाट उघडे राहते. फक्त मेम आणि नून या कडव्यांच्या आतल्या समासातील माझी पेन्सिलीची टिपणे शिवणीत गेली आहेत.